गिअरबॉक्सची पत्रिका

गिअरबॉक्सलाही जन्मतारीख असते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी फारसा हललो नसतो. गिअरबॉक्स नावाची वस्तू गाडीच्या पोटाखाली कुठंतरी असते आणि ती बिघडली की आपला दिवाळीचा बोनस मेस्त्रीच्या घरी साजरा होतो, एवढ्या ज्ञानावर माझा संसार सुखाने चालला होता. मग मी १९५६ सालची फियाट घेतली.

फियाट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे पद्मिनी येते. ही ती नव्हे, ही तिच्या आधीच्या पिढीतली. १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. कागदोपत्री नाव ११००-१०३, इटलीत लाडाचं नाव मिलेचेंतो. पुढच्या वर्षी ती कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून आपल्याकडे रस्त्यावर आली. आपल्या लोकांनी तिची गोलमटोल पाठ आणि पुढे आलेलं नाक बघितलं आणि क्षणाचाही विचार न करता तिला डुक्कर फियाट म्हणायला सुरुवात केली. मी घरी सांगताना 'मिलेचेंतो घेतली' असं सांगितलं. हिने ते शेजारी सांगताना 'यांनी डुक्कर आणलंय' असं सांगितलं. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाळीव प्राण्यांच्या नियमावलीची प्रत पाठवली.

गाडी आली तेव्हा तिची अवस्था अशी होती की घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याने 'उतरवू का परत नेऊ?' असं विचारलं. पण ते जाऊ द्या. पत्रेवाला, रंगवाला, गादीवाला, क्रोमवाला असे सगळे कारागीर जेवूनखाऊन गेले, माझ्या मुदत ठेवी एकेक करून मुदतीआधीच वारल्या, आणि गाडी उभी राहिली. हिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली. साडी नेसलेल्या बाईला उतरायला फार सोयीची, मागून येणाऱ्या सायकलवाल्याला फार गैरसोयीची. इंजिन १०८९ सीसी, अश्वशक्ती ३६, गिअर चार, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आता फक्त कौतुक ऐकायचं बाकी होतं.

जुनी गाडी घरी आली की ती बघायला माणसं येतात. त्यात एक तज्ज्ञ असतो. तो हात मागे बांधून गाडीला प्रदक्षिणा घालतो, काही बोलत नाही, मध्येच 'हं' करतो. आमच्याकडे आलेल्या तज्ज्ञाच्या स्वतःच्या घरी तीन जुन्या गाड्या आहेत आणि तो रोज रिक्षाने फिरतो.

"रंग?"

"मूळचाच. आतला जुना थर खरवडून त्याच्याशी जुळवला."

"काचा?"

"जुन्याच."

"इंजिन?"

"आरसी बुकाशी नंबर जुळतो," मी छाती पुढे काढून म्हणालो.

तो जरा खट्टू झाला. मग गुडघ्याचा कडकन आवाज काढून खाली वाकला, वर आला, आणि म्हणाला, "आणि गिअरबॉक्स?"

"आहे," मी म्हणालो.

"आहे ते दिसतंय. ओरिजिनल आहे का?"

बस. माणसाची झोप उडवायला एवढं पुरतं. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. समोर उभ्या असलेल्या पेन्शनरकडून तो जिवंत असल्याचा लेखी दाखला घेतलेला माणूस. माझ्याच गाडीच्या पोटात बिनकागदपत्रांचा कुणीतरी राहतोय ही कल्पना मला सहन होईना. रात्री उठून आरसी बुक काढलं. त्यात इंजिनचा नंबर आहे, चासीचा नंबर आहे, गाडीचा रंग आहे, आसनं किती ते आहे, माझं नाव आणि पत्ता तर आहेच. गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. आरटीओच्या लेखी इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये काही नसतंच, ३६ घोडे थेट रस्त्यावर उडी मारतात. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घेणारे एजंट सगळ्यांनी पाहिलेत. गिअरबॉक्सचा छाप मागणारा एजंट अजून जन्माला यायचाय. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. मूळ रूप म्हटलं की माणसं बोनेट उघडून बघतात. गुडघे या वयात कोण वाकवतो? एक तो तज्ज्ञ सोडून.

गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स कारखान्यातून जोडीनेच निघालेत का, हे नंबरांवरून ताडून बघण्याला जुन्या गाड्यांच्या दुनियेत फार किंमत आहे. आणि ही किंमत नुसती मानाची नाही, रोख रकमेची आहे. जोडी मूळची निघाली तर भाव चढतो, परकी निघाली तर पडतो. आपण लग्नात पत्रिका जुळवतो तोच हा प्रकार. फक्त इथे लग्नाला सत्तर वर्षं होत आली, बिऱ्हाड व्यवस्थित चाललंय, आणि आता कुणीतरी दारात उभं राहून विचारतंय की नवऱ्यामुलाची जन्मवेळ काय? इंजिन बिचारं ३६ अश्वशक्तीचं. गिअरबॉक्सशी त्याचे ३६ गुण जुळतात की दोघांत ३६चा आकडा आहे, हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागेना.

अभ्यास परदेशापासून सुरू केला. इंग्लंडातल्या जुन्या जॅग्वार गाड्यांना बोनेटखाली एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स अशा चौघांचे नंबर एकाखाली एक. शिवाय जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट नावाची त्यांची संस्था अर्ज केल्यावर दाखला देते: गाडी अमुक तारखेला तयार झाली, तमुक तारखेला बाहेर पडली, मूळ रंग हा, पहिला विक्रेता तो. अशा दाखल्याचा फोटो मी कितीतरी वेळ बघत बसलो. हिने मागून येऊन विचारलं, "कोण ही?"

"ई-टाइप. १९६२ची."

"दिसायला बरी आहे," ही म्हणाली आणि निघून गेली. त्यात सुटका किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जॅग्वारवाल्यांचं एक दुःख मला फार आवडलं. त्यांच्या १९६४ पर्यंतच्या गाड्यांत मॉस कंपनीच्या घडणीचा गिअरबॉक्स असे, त्यात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकला की तो असा करकरतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरची ई-टाइप आली तेव्हा चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाला. त्यामुळे एखाद्याची १९६२ची ई-टाइप चालता चालता पहिल्या गिअरमध्ये बिनबोभाट गेली की मालकाचा चेहरा काळवंडतो. गिअरबॉक्स नंतरचा आहे! गिअर नीट पडला म्हणून हळहळणारी माणसं जगात दुसरीकडे कुठं सापडणार नाहीत.

अमेरिकन माणूस आणखी पुढे गेलेला आहे. इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे. तिथे जनरल मोटर्सचा गिअरबॉक्सचा कारखाना होता आणि साठच्या दशकातल्या कॉर्व्हेट, कमॅरो अशा मस्तवाल गाड्यांत तिथला चार गिअरचा डबा बसत असे. या डब्यावर ठोकलेला कोड म्हणजे चक्क जन्मटिपण. समजा 'पी८बी१२' लिहिलंय. पी म्हणजे मन्सी, ८ म्हणजे १९६८, बी म्हणजे फेब्रुवारी, १२ ही तारीख. मी हे सगळं पाठ केलं. महिन्यांची अक्षरं ए, बी, सी, डी, ई अशी मेपर्यंत शहाण्यासारखी येतात. मग जूनला एकदम एच, जुलैला के, ऑगस्टला एम, सप्टेंबरला पी, ऑक्टोबरला आर, नोव्हेंबरला एस, डिसेंबरला टी.

हिने भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि एफ, जी कुठे गेले?"

"क्षय."

"तिथीचा होतो. अक्षराचा कधीपासून व्हायला लागला?"

मन्सीचं पंचांग इथे संपत नाही. १९६६ पासूनच्या डब्यांत इंजिनकडून आत येणाऱ्या शाफ्टच्या दात्यांजवळ खाचा बघायच्या. दोन खाचा असल्या तर एम-२०, एक असली तर एम-२१, आणि एकही नसली तर एम-२२. यातला एम-२२ सगळ्यांत दुर्मीळ आणि सगळ्यांत महाग. म्हणजे काहीही खूण नसणं हीच त्याची खूण. हे वाचल्यावर मला एकदम हुरूप आला, कारण माझ्या गिअरबॉक्सवरही काहीही खूण नव्हती.

म्हणजे दिसत नव्हती. कारण तो गिअरबॉक्सच दिसत नव्हता. मी गाडीखाली सतरंजी अंथरली, टॉर्च दातात धरला, एका हातात रॉकेलचा बोळा, दुसऱ्या हातात तारेचा ब्रश, खिशात टाल्कम पावडरचा डबा. पुसट आकड्यांत पावडर भरली की ते उमटतात, ही तज्ज्ञाची युक्ती. सगळ्यांत वर चिखल निघाला. त्याखाली काळं, चिवट, डांबराच्या वळणावर गेलेलं ग्रीस. त्याखाली चंदेरी रंग. हा गाडी विकायच्या आदल्या रात्री मारतात. त्याखाली तांबडा प्रायमर. त्याखाली पुन्हा ग्रीस, म्हणजे कुणीतरी ग्रीसवरच प्रायमर मारलेला. सोसायटीतली मुलं गाडीबाहेर आलेले माझे पाय बघून जात. एकाने आईला हाक मारून सांगितलं की काका अजून हलतायत.

आणि मग आकडे दिसले! उठावाचे, ठसठशीत. मी तिथल्या तिथे मेस्त्रींना फोन लावला. आमच्या मेस्त्रींनी फियाटी एवढ्या उघडल्यात की ते माणसाच्या खोकल्यावरूनही कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतील. ते आले, खाली सरकले, आणि दोन मिनिटांत बाहेर आले.

"साहेब, हा साच्याचा नंबर."

"म्हणजे?"

"ओतताना साच्यात असतो तो उठावाचा येतो. त्या साच्यातून जेवढे डबे पडले, सगळ्यांवर हाच. ह्यो घराण्याचा नंबर झाला. डब्याचा स्वतःचा नंबर पंचाने ठोकलेला असतो. खोलगट."

"मग खोलगट कुठे आहे?"

मेस्त्रींनी एका सपाट जागेवरून अंगठा फिरवला. "इथं असंल. कुणीतरी कानस मारलीय."

कानस! बँकेतल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असा शब्द. कुणी मारली, का मारली, कधी मारली? मी पुन्हा आत शिरलो. काही ओतीव डब्यांवर घड्याळासारखी एक गोल तबकडी असते, कडेने आकडे, मध्ये बाण किंवा ठिपके, त्यावरून ओतल्याचा महिना आणि साल कळतं, असं वाचलं होतं. तसा एक गोल मला डब्याच्या मागच्या अंगाला सापडला. आत पुसट रेषाही होत्या. फोटो काढून तज्ज्ञाला पाठवला आणि सोबत लिहिलं, 'बाण मार्चकडे वाटतो.' तज्ज्ञाचं उत्तर लगेच आलं. 'तो वॉशरचा वण आहे.'

शास्त्र हरलं तिथे मी साक्षीदारांकडे वळलो. गाडीचे आधीचे मालक शोधून काढले. पहिले मालक साताऱ्याकडचे एक डॉक्टर, आता हयात नाहीत. त्यांच्या चिरंजीवांनी चहा पाजला आणि छातीठोकपणे सांगितलं, "बाबांनी गाडी कधी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. तिसरा आणि चौथा अगदी कोरा असणार." दुसरे मालक ठेकेदार. ते म्हणाले, "गिअरबॉक्स? देवाशपथ, हातसुद्धा लावला नाही. फक्त एकदा बदलला."

"कधी?"

"थोरल्याचं बारसं होतं तेव्हा. का धाकट्याचं?" त्यांनी आत विचारलं. आतून आवाज आला, की दोन्ही बारशांना गाडी बंदच होती.

तिसऱ्या मालकांचा ड्रायव्हर भेटला. त्याला गिअरबॉक्सचा विषय काढलेलाच आवडला नाही. "मी कशाला खराब करीन? पहिला गिअर तर मी कधी टाकलाच नाही. उतारावर उभी करायचो."

या सगळ्यांच्या जबान्या मी वहीत तारीखवार लिहून काढल्या आणि मेस्त्रींना वाचून दाखवल्या. ते शांतपणे तंबाखू मळत होते.

"गिअर पडतोय ना?"

"पडतो."

"मग ओरिजिनल."

"असं कसं मेस्त्री? टॅक्सीचा काढून बसवला असेल तर?"

"बसवलाच असंल."

"पण तो यात बसतो का?"

"बसवला की बसतो."

म्हणून मी कुर्ल्याला गेलो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीचा कारखाना याच कुर्ल्यात होता. पुढे इथूनच पद्मिनी निघाली. तिचं पद्मिनी हे नाव १९७४ सालचं, आणि पुढची पंचवीसेक वर्षं ती निघतच राहिली. मुंबईची काळीपिवळी म्हणजे तीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीचं वय वीस वर्षांवर जाऊ द्यायचं नाही असा नियम असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. मुंबईकर हळहळले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढले. पण गाडी गेली तरी तिचा डबा कुठे जातो? तो भंगारात येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या अवयवांची दुकानं आहेत. ज्या गावात ती जोडली गेली त्याच गावात ती सुटी मिळते. फार कमी जणांच्या नशिबी असं येतं.

एका दुकानासमोर गिअरबॉक्सांची रास होती. मालक स्टुलावर बसून वडापाव खात होता.

"छप्पन सालचा गिअरबॉक्स आहे का?"

त्याने बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्याने एक डबा दाखवला. "ये छप्पन."

"कशावरून?"

"आप ही ने बोला ना."

मी चष्मा चढवून तो डबा सगळीकडून बघितला. "यावर नंबर नाहीये."

"कौनसा नंबर मंगता? मार के देता." त्याने डबडं उघडलं. आत पंचांचा अख्खा संच, शून्यापासून नऊपर्यंत, शिवाय ए-बी-सी-डी. "बिना नंबर ये रेट. नंबर के साथ पाचसौ उपर. तारीख भी चाहिए तो हजार."

मन्सीच्या पंचांगात हा माणूस बसत नव्हता. अमेरिकेत आकड्यांच्या वळणावरून, ठोक्याच्या खोलीवरून खोटे नंबर पकडणारे लोक आहेत. इथे नमुना म्हणून दाखवलेल्या डब्यावर तीनचा आकडा उताणा पडलेला होता. मी नको म्हणालो. तरी जाताना त्याने आशा सोडली नाही. "इटालियन बनाऊं क्या? छोटा 'फियाट' लिख देता." मंगळाच्या पत्रिकेतला मंगळ काढून देणारी मंडळी मी पाहिलीत, पण इतक्या कमी दक्षिणेत कुणी नाही.

शेवटी मेस्त्रींनीच निकाल दिला. "साहेब, वरून बघून काय कळणार? उघडू."

प्रोपेलर शाफ्ट सुटला, दांड्याचे लिंकेज सुटले, जॅक लागले, आणि एका दुपारी गिअरबॉक्स आमच्या ओट्यावर वर्तमानपत्रांच्या आसनावर विराजमान झाला. ही त्याच्याभोवती रांगोळी काढणार नव्हती एवढंच. मेस्त्री एकेक भाग काढून रॉकेलमध्ये धूत आणि कागदावर मांडत होते. मी वही घेऊन बसलो.

"हा टॉप शाफ्ट. फियाटचं मार्किंग हाय. इटलीचा."

मी लिहिलं: इटली. ऊर भरून आला.

"हा लेअर. हा आपल्या हिकडचा."

लिहिलं.

"ही सिंक्रो रिंग टॅक्सीची. नवीच हाय तशी. हे बेअरिंग देशी. आणि ह्यो..." मेस्त्री थांबले, बोल्ट डोळ्यांजवळ नेला, आणि भाविकपणे म्हणाले, "ह्यो स्कूटरचा."

आता प्रश्न असा की जन्मतारीख कुणाची धरायची? डब्याची धरावी तर कानस मारलेली. टॉप शाफ्टची धरावी तर लेअर रागावणार. दाता एका साली घडलेला, ज्याच्याशी तो भिडतो तो दुसऱ्या साली, आणि दोघांना धरून ठेवणारा बोल्ट तिसऱ्याच वाहनातून पळून आलेला. तज्ज्ञ दुपारचा येऊन बसलाच होता. तो म्हणाला, हाउसिंग हाच देह, आतलं सगळं गौण. मेस्त्री म्हणाले, दात्याशिवाय हाउसिंग म्हणजे डबा, त्यात लाडू ठेवा. दोघांची जुंपली. मी मध्ये पडलो तेव्हा दोघं मिळून माझ्यावर उलटले.

तेवढ्यात मेस्त्रींनी मागच्या झाकणाचं पॅकिंग सोलून काढलं. कारखान्यातलं पॅकिंग वेगळं असतं. हे कुणीतरी जाड पुठ्ठ्यातून कातरीने कापलेलं. तेलाने तपकिरी झालेलं, पण मूळचं पिवळं. कडेला हळदीच्या रंगाचा गणपती, अर्धा, कारण सोंडेच्या जागी बोल्टाचं भोक. मी पावडर लावली. अक्षरं उमटली: '...वैशाख... शके १९०१, रविवार दि. १३ मे १९७९...' आणि खाली, '...आहेर आणू नये.'

ओट्यावर शांतता पसरली. मन्सीचा कोड नाही, जॅग्वारचा पत्रा नाही, पण तिथी, वार, शके आणि इंग्रजी तारीख, सगळं छापील. मी ताबडतोब १९७९चं कॅलेंडर काढून पडताळलं. १३ मे, रविवार. बरोबर.

"म्हणजे डबा त्या साली उघडलेला," तज्ज्ञ पुटपुटला.

"लग्नानंतर," मेस्त्रींनी दुरुस्ती केली. "आधी कोण पत्रिका फाडंल? जेवून आला असंल, आणि मग कापली."

गिअरबॉक्स पुन्हा बंद करायचा तर नवं पॅकिंग हवं. मेस्त्रींनी जाड पुठ्ठा मागितला. हिने टेबलाच्या खणातून या मोसमातल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठाच आणून दिला. त्यातल्या निम्म्या लग्नांना आम्ही गिअरबॉक्समुळे गेलो नव्हतो. मेस्त्रींनी कातरी चालवली आणि मी ओरडलो, "तारीख कापू नका!" हिच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न त्यामुळे आता कायमचं नोंदलं गेलेलं आहे, तेही लाल शाईत आणि सोन्याच्या वर्खात. भोक कुलदैवताच्या नावातून गेलं, त्याला इलाज नव्हता.

गाडी चालू झाली. चारही गिअर पडतात, पहिला अर्थातच ओरडून. आता ती जुन्या गाड्यांच्या क्लबात न्यायची. अर्ज आला. त्यात रकाना क्रमांक नऊ: 'गिअरबॉक्सच्या निर्मितीची तारीख'. मी पेन हातात धरून बसलो. १३ मे १९७९ लिहावं तर ५६च्या गाडीची लाज जाते. रिकामा सोडावा तर तज्ज्ञ वाचेल.

हिचे वडील आमच्याकडे आलेले होते. अप्पा खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"जावईबापू, गाडीचं साल माहीत आहे ना?"

"छप्पन."

"मग लिहा. १ जून १९५६."

"अप्पा, असं कसं? पुरावा काय?"

"आयुष्यभर पोरांची नावं दाखल केली मी. आईबापांना तारीख विचारली की 'मोठ्या पावसात झाला', 'तांबडी गाय व्याली त्या साली', 'थोरल्या चुलत्याच्या तेराव्याला'. मी रकाना रिकामा ठेवला नाही. १ जून. शाळेत घालताना वय भरतं, हिशेबाला सोपं. त्यातली पोरं फौजदार झाली, इंजिनिअर झाली, रिटायरसुद्धा झाली. पेन्शन मिळते, पुरावा कुणी मागितला? माझीही तारीख १ जूनच आहे. आमच्या गुरुजींनी घातलेली."

मी बँकेत असताना १ जूनचे खातेदार इतके होते की त्या दिवशी शुभेच्छांचे एसएमएस पाठवता पाठवता यंत्रणा धापा टाकायची, हे मला आठवलं. तरीही कर्तव्य म्हणून कॅलेंडर काढलं. १ जून १९५६, शुक्रवार. म्हणजे कारखाना चालू असणार. मी तारीख लिहिली, खाली सही ठोकली आणि अर्ज पाठवला.

काही दिवसांनी क्लबातून फोन आला. आवाज तरुण आणि अदबशीर.

"सर, अर्ज मिळाला. सगळं व्यवस्थित आहे. एक शंका होती. या वेळी आमच्याकडे फियाटचे बरेच अर्ज आलेत. एक अठ्ठावन्नची, एक बासष्टची, एक चौसष्टची डिलाइट. रकाना नऊमध्ये सगळ्यांची तारीख १ जूनच आहे. कुर्ल्याला १ जूनला काय असायचं हो?"

मी फोन अप्पांच्या हातात दिला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, एकूण किती झाल्या तेही विचारलं, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी आणखी येतील. तुकडी वाढवून घ्या."